बंद कव्हा पडती?

माझ्या पुतण्याचा मुलगा पुण्याला इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी एका जुन्या सायकलला छोटेसे टू-स्ट्रोक इंजिन बसवले. गाडी कॉलेजच्या आवारातच फिरवतात. रस्त्यावर आणू नका, असे मी बजावून ठेवले आहे, कारण इंजिन २५ सीसीच्या वर गेले की कायदा सायकलला सायकल मानत नाही. दिवाळीला घरी आला तो तक्रार घेऊनच. ''आजोबा, एका दमात सुरू होते, हळू चालवली तर छान पळते. पण मूठ पूर्ण पिळली की भकभक करते आणि मान टाकते. प्लग बदलला, कार्बोरेटर तीनदा खोलला. आता सिलिंडरच बदलून टाकतो.''

मी जन्मभर बँकेत लेजर आणि फायली सांभाळल्या, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. इंजिनातले मला काय कळणार? तरी विचारले, ''बंद कधी पडते?''

''सांगितलं ना, फुल रेस दिली की.''

''लगेच, की थोडं पळाल्यावर?''

पोरगा गप्प झाला. ते त्याने बघितलेच नव्हते.

हा प्रश्न माझा नव्हे. तो चौसाळ्याच्या एका मेस्त्रीचा आहे.

चौसाळा बीड तालुक्यात, सोलापूर-धुळे हमरस्त्यावर. १९८६ साली मी तिथल्या शाखेत शेती कर्जाचे काम बघत होतो. आसपासची गावे बालाघाटाच्या अंगाखांद्यावर विखुरलेली, एस.टी. दिवसातून एकदा येईल न येईल. कर्ज दिलेली म्हैस खरोखर गोठ्यात आहे का, विहिरीला पाणी लागले का, हे बघायला मोपेडशिवाय गत्यंतर नव्हते. मोपेड म्हणजे लोकांच्या तोंडी लूना, मग ती कोणत्याही कंपनीची असो. खरी लूना कायनेटिक इंजिनियरिंगने १९७२ साली आणली. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या 'चाओ'वर बेतलेली, ५० सीसीची, आणि इंजिनाने दगा दिलाच तर मारायला पायडल. मास्तर, ग्रामसेवक, दूधवाले आणि आम्ही बँकवाले अशा साऱ्यांची ती घोडी. माझी मोपेड कोणाची होती ते सांगत नाही. पुढे जे झाले त्यात बनवणाऱ्याचा काडीचाही दोष नव्हता.

त्या वर्षी आषाढापासून माझ्या मोपेडला हेच दुखणे जडले. बीडला बैठकीला जायचे आणि परतताना मांजरसुंब्याच्या घाटात अडकायचे. सपाटीला गाडी शहाण्यासारखी चाले. चढ लागला, मूठ पूर्ण पिळली, की दोन-तीन मिनिटांत आवाज पातळ व्हायचा, गचके बसायचे आणि सगळे थंड. मग पायडल मारत, धोतर सावरणाऱ्या वारकऱ्यासारखी पँट आवरत, घाटाच्या कडेला बसायचे. दहा मिनिटांनी कीक मारली की गाडी जणू काही झालेच नाही अशी सुरू. पुढच्या वळणावर पुन्हा तेच.

बीडच्या एका गॅरेजात दाखवली. प्लग बदलला. दुसऱ्याने सायलेन्सर भट्टीत घालून कार्बन जाळला. तिसऱ्याने मेन जेट तारेने साफ केले आणि वर सांगितले, ''साहेब, पिस्टन गेलाय.'' दर वेळी गॅरेजातून निघताना गाडी ठणठणीत आणि दुसऱ्या दिवशी घाटात पुन्हा तमाशा. तीनशेच्या वर रुपये गेले. तेव्हा ती काही लहान रक्कम नव्हती.

भाद्रपदात एकदा गाडी चौसाळ्याच्या वेशीजवळच बंद पडली. रस्त्याकडेला पत्र्याचे एक शेड होते. पंचविशीचा तरुण ट्रकच्या ट्यूबला पंक्चर काढत बसला होता. हात न पुसताच त्याने विचारले, ''बंद कव्हा पडती?''

मी प्लग, जेट, पिस्टन अशी सगळी पोथी सुरू केली. त्याने हात वर केला. ''ते ऱ्हाऊ द्या साहेब. कव्हा पडती ते सांगा. रेस दिल्या दिल्या, का मैलभर गेल्यावर?''

''मैलभर गेल्यावर. चढाला.''

''आन् थांबल्यावर आपोआप चालू हुती?''

''होते.''

त्याने पाना उचललाच नाही. चहाचा रिकामा ग्लास घेतला, कार्बोरेटरची पेट्रोलची नळी काढून ग्लासात सोडली आणि कॉक उघडला. धार चांगली करंगळीएवढी लागली. अर्धा ग्लास भरेपर्यंत ती सुतासारखी झाली, मग नुसते थेंब. टाकी तर सकाळीच भरलेली. त्याने टाकीच्या झाकणाकडे बघितले आणि हसला. झाकणावर मी प्लॅस्टिकची पिशवी गच्च गुंडाळून सुतळीने बांधली होती. पावसाचे पाणी पेट्रोलमध्ये जाऊ नये म्हणून, माझी अक्कल! त्याने सुतळी सोडली, झाकण सैल केले. फुस्स करून आवाज आला आणि ग्लासात धार पुन्हा पहिल्यासारखी पडू लागली.

''टाकी भरल्याली हाय साहेब, पर वरून वारा मिळंना. वारा गेल्याबिगर पेट्रोल खाली कसं उतरंल?''

झाकणाला एक बारीक भोक असते. पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा त्यातून आत यावी लागते. ते बुजले की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल अडते. हळू चालवताना पिशवीच्या फटीतून येणारी हवा पुरायची. पूर्ण मूठ पिळली की इंजिन मागे तितके पेट्रोल येईना, कार्बोरेटरच्या वाटीतला साठा दोन-तीन मिनिटांत संपायचा. बसून राहिलो की हवा झिरपायची आणि गाडी सुधारायची. आणि गॅरेजात? तिथे दर वेळी पेट्रोल बघायला कोणी तरी पिशवी सोडून झाकण उघडत असे. घरी येऊन मी ती इमानाने पुन्हा बांधत असे.

गाडीशी झटापट करणाऱ्या वाचकांसाठी त्याच्याकडून त्या दिवशी शिकलेले इथेच सांगून टाकतो. मूठ पूर्ण पिळता क्षणीच गाडी मान टाकत असेल तर संशय मेन जेटवर. कमी रेसला इंजिन दुसऱ्या वाटेने पेट्रोल घेते, म्हणून कचरा लपून राहतो. मूठ जराशी मागे घेतल्यावर गाडी सावरली तर पेट्रोल कमी पडते आहे. उलट धूर होऊन भकभकत असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, तेव्हा एअर फिल्टर बघावा. प्लगचा रंग चॉकलेटी असावा. पांढरा पडला तर पेट्रोल कमी, काळा तर जास्त. सायलेन्सर कार्बनने तुंबला असेल तर गाडी कायमच जड चालते, अशी मधूनच बरी होत नाही. पुतण्याच्या पोराने पुण्याला जाऊन ग्लासाचा प्रयोग केला. त्याच्या नळीत मध्येच घातलेला फिल्टर अर्धा तुंबला होता. सिलिंडर वाचला.

मेस्त्रीने दोन रुपये घेतले. दुरुस्तीचे पैसे बँकेकडून मिळत, म्हणून मी पावती मागितली. त्याने वहीचे पान फाडले, रक्कम लिहिली, खाली स्वच्छ अक्षरात पूर्ण नाव. ते नाव मी वाचलेले होते. माझ्याच टेबलावर.

सुशिक्षित बेरोजगारांसाठी केंद्र सरकारने १९८३ साली स्वयंरोजगाराची योजना काढली होती. शिफारस जिल्हा उद्योग केंद्राची, कर्ज बँकेचे. त्याचा अर्ज हवेचा कॉम्प्रेसर आणि हत्यारांसाठी होता. शेडच्या जागेची भाडेपावती जोडलेली नाही, एवढ्यावरून मी तो ज्येष्ठापासून बाजूला ठेवला होता. भाडेकरू डोक्यावर बसेल या भीतीने तिकडे कोणताच जागामालक पावती देत नसे. मालकाचे साधे संमतीपत्र चालले असते. ते मी त्याला कळवले नव्हते.

''बोलला का नाहीत?'' मी विचारले.

''तुमी गाडी घिऊन आलते साहेब. कागदाचं बँकत बोलायचं.'' मग खाली बघत म्हणाला, ''दसऱ्याच्या आत व्हईल का?''

दसऱ्याच्या आत म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यात कोणाला समजवावे लागत नाही. दसरा झाला की टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल एकदा घेतली की सहा महिने बांधलेले. त्याच्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले होते आणि मुकादम दोनदा येऊन गेला होता.

दुसऱ्याच दिवशी मी संमतीपत्र लिहून घेतले. पण कॉम्प्रेसरचे दरपत्रक बीडहून यायचे होते, मॅनेजरसाहेब रजेवर होते, मग एक शिक्का राहिला. मंजुरी दसऱ्यानंतर आठव्या दिवशी झाली. मी स्वतः सांगायला गेलो, मोपेडवर. शेडला कुलूप होते. शेजारचा चहावाला म्हणाला, परवाच गेली की टोळी.

मार्चअखेर मंजुरी रद्द झाली. वैशाखात तो परतला, काळवंडलेला, डाव्या हाताच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या. बँकेच्या दारात माझी मोपेड दिसताच आधी टाकीच्या झाकणाला हात लावून बघितला. मी त्याच्याकडून नवा अर्ज भरून घेतला. संमतीपत्र या वेळी जोडलेले होते. जूनमध्ये माझी बदली झाली. नव्या ठिकाणाहून मी शाखेला त्या अर्जाविषयी दोन पत्रे लिहिली. दुसऱ्याचे उत्तर आले, छापील कार्डावर: प्रकरण विचाराधीन आहे.