शाळानिवड, सामाजिक स्तर आणि पालकांची मानसिकता : तळेगाव दाभाडे परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

पाल्यासाठी शाळा निवडणे हा वरकरणी कौटुंबिक निर्णय वाटतो. परंतु असे अनेक निर्णय एकत्र आले की त्यांतून समाजाची रचना घडते. पाश्चात्त्य देशांत शाळाप्रवेशाचा प्रश्न प्रामुख्याने वंशाच्या अंगाने अभ्यासला जातो. महाराष्ट्रात वंशाच्या जागी जात, उत्पन्न, भाषा आणि प्रांत हे घटक येतात. शाळा निवडताना पालक केवळ शिक्षणाचा दर्जा निवडतात की आपल्या पाल्याच्या शेजारी कोण बसणार हेही निवडतात, हा या संदर्भातील मूलभूत प्रश्न होय. प्रस्तुत लेखात औद्योगिक पट्ट्यातील तळेगाव दाभाडे हे नगर समोर ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८५६ मध्ये धारवाड येथील सरकारी शाळेने एका महार विद्यार्थ्यास प्रवेश नाकारला. शुल्क भरण्याची तयारी असूनही जातीमुळे प्रवेश मिळत नाही, अशी तक्रार त्याने मुंबई सरकारकडे केली. सरकारने न्याय त्याच्या बाजूने असल्याचे मान्य केले. मात्र एका मुलासाठी इतरांवर सहवास लादल्यास बाकीची मुले शाळा सोडतील आणि शाळाच निरुपयोगी होईल, असे कारण देऊन हस्तक्षेप टाळला. १८५८ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळाने सरकारी शाळा सर्वांसाठी खुल्या असल्याचे तत्त्व मान्य केले, तरी प्रत्यक्ष व्यवहार फार काळ बदलला नाही. १९१९ मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा आदेश दिला.

धारवाडच्या प्रकरणातील महत्त्वाची बाब अशी की, प्रवेश नाकारण्यासाठी ‘इतर पालक काय करतील’ ही भीती पुढे करण्यात आली. हा युक्तिवाद आज उघडपणे जातीच्या भाषेत मांडला जात नाही. ‘वातावरण’, ‘संस्कार’ आणि ‘भाषा’ या शब्दांतून तो व्यक्त होतो.

कायदेशीर चौकट

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातील कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशस्तरावरील किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील बालकांना देणे बंधनकारक आहे. कलम १३ ने देणगी शुल्कास आणि प्रवेशासाठी बालकाची किंवा पालकांची चाचणी अथवा मुलाखत घेण्यास मनाई केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी ही चौकट वैध ठरविली. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा मात्र तिच्यातून वगळल्या. महाराष्ट्रात या जागांवरील प्रवेश ऑनलाइन अर्ज आणि सोडत या पद्धतीने होतात. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. सोडतीमागील भूमिका स्पष्ट आहे : शाळेने मूल निवडू नये.

तळेगाव दाभाडे : बदलते नगर

तळेगावला शैक्षणिक परंपरा आहे. राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतील समर्थ विद्यालय विष्णू गोविंद विजापूरकर यांनी येथे चालविले; ब्रिटिश सरकारने ते १९१० मध्ये बंद पाडले. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखानाही याच गावचा. पुढे तळेगाव व चाकण येथील औद्योगिक वसाहतींमुळे लोकवस्तीचे स्वरूप पालटले. गाव भागातील जुनी कुटुंबे, गृहसंकुलांतील अभियंते व अधिकारी, मराठवाडा-विदर्भातून आलेले कंत्राटी कामगार आणि उत्तर भारतातून आलेले मजूर अशा भिन्न स्तरांतील कुटुंबे येथे शेजारी-शेजारी राहतात. मुले मात्र वेगवेगळ्या शाळांत जातात. नगरपरिषदेची शाळा, अनुदानित मराठी शाळा, राज्य मंडळाची इंग्रजी शाळा आणि केंद्रीय मंडळाची शाळा ही जणू उतरंड झाली आहे.

आरक्षित जागा ही उतरंड काही अंशी मोडू शकतात. परंतु कागदपत्रांच्या टप्प्यावरच अनेक कुटुंबे गळतात. भाड्याने राहणाऱ्यास निवासाच्या पुराव्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. चाळीतील खोलीचा मालक तो सहसा करून देत नाही. परराज्यातील जात व उत्पन्नाचे दाखले या प्रक्रियेत ग्राह्य धरले जात नाहीत. परिणामी बिहार वा उत्तर प्रदेशातून आलेला दलित मजूर येथे वंचित असूनही कागदोपत्री वंचित ठरत नाही. प्रवेश मिळालाच, तर बस, सहल आणि स्नेहसंमेलन यांचा खर्च पुढे उभा राहतो.

पालकांची मानसिकता

अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये एक प्रतिमान मांडले. व्यक्तींचा आग्रह केवळ ‘आपल्यासारखे थोडे लोक शेजारी असावेत’ इतका सौम्य असला, तरी त्यातून जवळजवळ संपूर्ण विलगता निर्माण होऊ शकते, असे त्यांनी दाखविले. शाळांनाही हे लागू पडते. कोणाही एका पालकाच्या मनात द्वेष नसतो; तरीही एकाने शाळा बदलली की दुसरा अस्वस्थ होतो आणि पाहता पाहता संपूर्ण वर्ग एकाच स्तराचा बनतो.

मिश्र वर्गात पाल्याचे नुकसान होते, या भीतीची तपासणी दिल्लीत झाली आहे. गौतम राव यांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, गरीब सहाध्यायी लाभलेले संपन्न घरांतील विद्यार्थी अधिक उदार आणि कमी भेदभाव करणारे आढळले. शैक्षणिक संपादनावरील परिणाम मर्यादित होता. वर्गातील बेशिस्तीत थोडी वाढ दिसली. म्हणजेच भीती पूर्णतः निराधार नाही, पण लाभाच्या तुलनेत ती फार मोठी केली जाते.

२०२४ ची दुरुस्ती

९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेद्वारे राज्य शासनाने, एक किलोमीटर परिसरात शासकीय वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेस २५ टक्क्यांच्या बंधनातून सूट दिली. तळेगावसारख्या, जवळजवळ अनुदानित शाळा असलेल्या नगरात या नियमाने गरीब मुलांना पुन्हा वेगळ्या शाळांकडे वळविले असते. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी दुरुस्तीस स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानेही ९ ऑगस्टला त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. जवळ शाळा उपलब्ध असणे आणि सर्वांनी एका शाळेत असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या वादाचा गाभा होय.

निष्कर्ष

कायदा शाळेचे दार उघडू शकतो. पालकाची पसंती तो ठरवू शकत नाही. १८५६ चा युक्तिवाद सरकारने पालकांच्या नावे केला होता आणि आजही त्याचे बळ पालकांच्या मूक संमतीत आहे. या पालकांत महाविद्यालयीन अध्यापकांचाही समावेश होतो. सामाजिक समतेचे अध्यापन करणाऱ्या वर्गाने पाल्याच्या शाळेत २५ टक्के जागा भरल्या जातात का, एवढी विचारणा केली तरी शाळेला पालकांचे नाव पुढे करता येणार नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी कामगार वस्त्यांत अर्ज भरण्यास व दाखले मिळविण्यास साहाय्य केल्यास कागदपत्रांच्या टप्प्यावरील गळतीही कमी होऊ शकेल. परराज्यातील कुटुंबांसाठी दाखल्यांच्या नियमांचा शासनस्तरावर फेरविचार होणे मात्र आवश्यक आहे.