बारा लाखांची सूट आणि शेअरचा नफा

विवरणपत्र भरायचे दिवस आले की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "बारा लाखांपर्यंत करच नाही, मग शेअरच्या नफ्यावर कसला?"

वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते महागात पडतं. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत रिबेट मिळतो आणि कर शून्यावर येतो. पण हा रिबेट फक्त स्लॅबप्रमाणे लागणाऱ्या करापुरता. शेअर बाजारात घेतलेले, एसटीटी (रोखे व्यवहार कर) कापलेले शेअर बारा महिन्यांच्या आत विकले, तर तो अल्पकालीन भांडवली नफा. त्याचा दर वेगळा, आणि २३ जुलै २०२४ पासून तो १५ वरून २० टक्क्यांवर गेला आहे.

समजा, सगळ्या वजावटी जाऊन पगार ९ लाख आणि असा नफा १ लाख. एकूण १० लाख, म्हणजे बाराच्या आतच. पगारावरचा ३० हजारांचा कर रिबेटमध्ये गेला. नफ्यावरचे २० हजार आणि ४ टक्के उपकर, मिळून २०,८०० रुपये भरावेच लागतात.

आता गंमत बघा. हाच १ लाखाचा नफा एखाद्या गृहिणीला झाला आणि तिचं व्याजाचं उत्पन्न अडीच लाख असेल, तर कर शून्य. तिची ४ लाखांची मूळ मर्यादा पूर्ण वापरलेली नसते आणि उरलेल्या दीड लाखात हा नफा बसून जातो. ही सोय निवासी भारतीयांनाच आहे. दुबईत नोकरी करणाऱ्या तिच्या अनिवासी भावाचं भारतातलं दुसरं उत्पन्न शून्य असलं, तरी त्याला पहिल्या रुपयापासून २० टक्के. अन्याय वाटेल, पण कायदा तसा आहे.

दुसरा घोळ 'ट्रेडिंग म्हणजे ट्रेडिंग' या समजुतीचा. सकाळी घेऊन दुपारी विकलेल्या शेअरला २० टक्क्यांचा दर लागतच नाही. इंट्राडेचा नफा हा सट्टा व्यवसायाचं उत्पन्न; तो इतर उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर. फ्युचर्स-ऑप्शन्सही व्यवसायच, पण कायद्याच्या लेखी तो सट्टा नाही. हा फरक खरा जाणवतो तो तोट्याच्या वेळी. इंट्राडेचा तोटा फक्त सट्ट्याच्या नफ्यातून वजा होतो आणि चारच वर्षं पुढे ओढता येतो. एफ अँड ओचा तोटा त्याच वर्षीच्या व्याजातून किंवा भाड्यातूनही वजा होतो, उरलेला आठ वर्षं पुढच्या व्यवसायाच्या नफ्यातून. पगारातून मात्र यातला एकही तोटा वजा होत नाही.

"पैसे ब्रोकरकडेच आहेत, बँकेत आले कुठे?" हेही बरेच जण मनापासून विचारतात. शेअर विकला की नफा झाला. ते पैसे लगेच दुसऱ्या शेअरमध्ये घातले तरी कर टळत नाही. शिवाय विक्रीची नोंद तुमच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, आधीच उतरलेली असते.

खर्चाचं थोडक्यात. भांडवली नफा काढताना दलाली वजा करा. एसटीटी वजा होत नाही. व्यवसाय म्हणून दाखवलात तर दोन्ही चालतात.

आणि तोटा झाला म्हणून विवरणपत्रच न भरणाऱ्यांसाठी. डिलिव्हरीच्या शेअरमध्ये या वर्षी ६० हजार बुडाले आणि पुढच्या वर्षी १ लाख अल्पकालीन नफा झाला, तर कर ४० हजारांवरच लागतो. म्हणजे १२ हजार रुपये, वर उपकर, वाचले. हा तोटा आठ वर्षं चालतो आणि दीर्घकालीन नफ्यातूनही वजा होतो. अट एकच : ज्या वर्षी तोटा झाला, त्या वर्षीचं विवरणपत्र मुदतीत गेलेलं हवं. उशिरा भरलेल्या विवरणपत्रातला तोटा पुढच्या वर्षी नेता येत नाही.