विमान चालवणारा आणि दारू

आकाशातून विमान जाताना तुम्ही पाहिले असेल. एका मोठ्या विमानात दीडदोनशे माणसे बसतात. पुढच्या लहानशा खोलीत दोघे वैमानिक बसतात. वैमानिक म्हणजे विमान चालवणारा. इतक्या माणसांचा जीव त्या दोघांच्या हातात असतो.

बैलगाडीवाला प्यायला आणि गाडीतच झोपी गेला, तर बैल वाट ओळखून घरी येतात. विमानाला बैल नसतात. वाटेत ते बाजूला उभे करता येत नाही. म्हणून वैमानिकासाठी दारूचा नियम फार कडक आहे.

नियम काय आहे?

आपल्या देशात विमान उडण्याआधी 12 तास वैमानिकाने दारूचा थेंबही घ्यायचा नाही. पण नुसते तास मोजून भागत नाही. 12 तास होऊन गेले, तरी अंगात दारू उरली असेल तर त्याला उडता येत नाही. दारूचा अंश असलेल्या औषधी गुळण्यासुद्धा त्याला चालत नाहीत.

दारू उतरते कशी?

‘झोप झाली, आंघोळ केली, आता उतरली,’ असे पुष्कळजण म्हणतात. हे खरे आहे का? नाही. बोकडाची कलेजी तुम्ही पाहिली असेल. तसाच अवयव माणसाच्या पोटात असतो. त्याला यकृत म्हणतात. रक्तातली दारू मुख्यतः यकृतच हळूहळू जिरवते. ताक, लिंबू, कॉफी, गार पाणी यांनी त्याचे काम लवकर होत नाही. झिंग गेली असे वाटते, पण दारू रक्तात उरलेली असते. रात्री फार प्यायलेल्या माणसाच्या अंगात ती सकाळीही सापडते.

थोडी दारूही वैमानिकाला घातक असते. तिने हात मंदावतो, नजर चुकते. अंगाचा तोल सांभाळणारे यंत्र आपल्या कानाच्या आत असते. दारूने तेही बिघडते. रात्री ढगात वर कुठे, खाली कुठे हे डोळ्यांना दिसत नाही. समोरची यंत्रे वाचून विमान सरळ ठेवावे लागते. अशा वेळी डोके ताळ्यावर हवे.

तपासणी कशी होते?

वैमानिक कामावर आला की उडण्यापूर्वी त्याला एका यंत्राच्या नळीत फुंकर मारायला लावतात. श्वासात दारू असली तर यंत्र आकडा दाखवते. आकडा शून्यच यायला हवा. तसा तो नाही आला, तर चूळ भरायला देतात आणि थोड्या वेळाने पुन्हा तपासतात. तरीही दारू निघाली, तर त्याला विमानात चढू देत नाहीत. पहिल्या वेळी त्याचा परवाना 3 महिने थांबवतात. दुसऱ्या वेळी 3 वर्षे. तिसऱ्या वेळी परवाना कायमचा रद्द होतो.

इतका कडकपणा कशाला?

अमेरिकेच्या उत्तर टोकाला अलास्का नावाचा बर्फाळ मुलूख आहे. तिथे अँकरेज हे शहर आहे. 13 जानेवारी 1977 या दिवशी पहाटे तिथून जपानला एक मालवाहू विमान निघाले. विमानात 56 गुरे होती. मुख्य वैमानिक, त्याचे दोन साथीदार आणि गुरे सांभाळणारे दोघे, अशी पाच माणसे होती.

मुख्य वैमानिक प्यायलेला होता. त्याला विमानतळावर आणणाऱ्या टॅक्सीवाल्याला त्याचे वागणे खटकले. त्याने आपल्या कचेरीला कळवले. तिथून विमानाची देखभाल करणाऱ्यांपर्यंत निरोप गेला. पण तसे काही असेल तर विमान कंपनीच त्याला अडवील, असे तिथल्या माणसाला वाटले. बरोबरचे दोघे शुद्धीवर होते. पण त्यांनीही आपल्या वरिष्ठाला थांबवले नाही.

विमानाच्या अंगावर बर्फ धरले होते. त्यात वैमानिकाने विमान चुकीचे हाताळले. विमान उडाले आणि लगेच कोसळले. पाचही माणसे मेली. एकही जनावर वाचले नाही. पुढे चौकशी झाली. मुख्य वैमानिकाच्या रक्तात भरपूर दारू निघाली. तिथल्या कायद्याने मोटारवाल्याला दोषी धरायला जेवढी दारू पुरे, त्याच्या जवळजवळ तिप्पट.

बघा, टॅक्सीवाल्याने आपले काम केले होते. त्याचा निरोप पुढे कोणी मनावर घेतला असता, तर पाच माणसे वाचली असती. म्हणून आता टॅक्सीवाल्याच्या संशयावर किंवा साथीदाराच्या भिडेवर काही सोडत नाहीत. यंत्राला भीड नसते. मोठा असो, लहान असो, फुंकर सगळ्यांनी मारायची.

तुमच्या गावातही मोटार, ट्रॅक्टर, जीप चालवणारे आहेत. तिथे फुंकर मारायचे यंत्र नसेल. पण गाडीत बसणाऱ्यांना डोळे आहेत, तोंड आहे. चालवणारा प्यायलेला दिसला, तर गाडीत बसू नका. त्यालाही गाडी चालवू देऊ नका. तो नात्यातला असला, तरी भीड धरू नका.