ध्वनीने उघडणारे कुलूप

जळगाव-धुळ्याकडे सोनोग्राफीचे यंत्र आता कोणाला अपरिचित राहिलेले नाही. त्यातला ध्वनी मात्र आपणांस ऐकू येत नाही. कारण माणसाचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचाच आवाज टिपतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी. तो शरीराच्या आतले दाखवितो हे आपण जाणतो. तोच ध्वनी औषधाला हव्या त्या जागी कामाला लावू शकेल काय, हा आजचा प्रश्न आहे.

हे औषध म्हणजे एक प्रकारचा डीएनए. डीएनए ही आनुवंशिकतेची पोथी. आणि पोथी स्वतः काम करीत नाही, अशीच समजूत होती. परंतु १९९४ साली अमेरिकेत रोनाल्ड ब्रेकर व जेराल्ड जॉइस यांनी असा डीएनए निवडून काढला, की जो आरएनएचा धागा कापतो आणि स्वतः खर्ची पडत नाही. हा उत्प्रेरक डीएनए होय. १९९७ साली जॉइस व स्टीफन सँटोरो यांनी त्याची अधिक समर्थ जात शोधली. तिच्या मध्यभागी १५ अक्षरांचे पाते असते आणि दोन्ही बाजूंचे हात ठरलेला आरएनए ओळखून धरतात. पेशीतला रोगकारक निरोप नेमका कापावा, ही त्यामागील आशा.

पण ही कात्री निरोगी जागीही चालली तर? म्हणून तिला कुलूप घालावयाचे; पूरक धाग्याने हात बांधावयाचे, किंवा तिला लांब रेणूत अडकवावयाचे. किल्ली ध्वनीची. द्रवात जोरदार ध्वनिलहरी सोडल्या की सूक्ष्म बुडबुडे फुगतात आणि फुटतात. त्या हिसक्याने लांब रेणू ताणला जाऊन बहुधा मध्यावर तुटतो. आखूड रेणू बचावतो. कापसाच्या सुताचा लांब धागा दोन्ही टोकांनी ओढावा, तसेच हे. बुडबुड्यांच्या याच शक्तीचा मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अनिरुद्ध पंडित यांनी दीर्घकाळ अभ्यास केला आहे. जर्मनीत आखेन येथील संशोधकांनी आरएनएच्या लांब साखळीत अडकविलेले निओमायसिन ध्वनीने मोकळे केल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले.

तरी घाईने हुरळून जाऊ नये. रेणू तोडणारा ध्वनी बहुधा सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांचा आणि जोरकस असतो. तो शरीराच्या पेशींनाही इजा करील. सोनोग्राफीचा ध्वनी वीस लाख कंपनांहून अधिक, परंतु सौम्य. कुलूप तुटावे आणि घर शाबूत राहावे, असा मधला मार्ग सापडला, तर एका गाठीसाठी साऱ्या देहाला औषधाचा ताप सोसावा लागणार नाही. रुग्णाच्या दृष्टीने या संशोधनाचे मोल एवढ्यातच आहे.