वेल्लोरची विद्या, जामखेडच्या बाया

कल्याणहून निघालेला नगर रस्ता मुरबाड, टोकावडे मागे टाकत वैशाखऱ्याला येतो आणि पुढे माळशेज घाट चढतो. घाटाखालच्या या पट्ट्यात ठाकर, कातकरी, महादेव कोळ्यांच्या वाड्या आहेत. हाच रस्ता नगरला पोचतो आणि नगरहून पुढे जामखेड लागते. ख्रिस्ती उच्च शिक्षणाने सामाजिक अन्यायाचे काय करायचे, याचे सर्वांत रोखठोक उत्तर मला जामखेडमध्ये दिसते.

तिथे आरोग्याचे काम उभे करणारे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. डॉ. आयडा स्कडर यांनी 1918 साली तिथे बायकांसाठी वैद्यकीय शाळा काढली, त्यातून हे कॉलेज वाढले. बहुतेक जागांसाठी विद्यार्थ्याला एखाद्या चर्चची किंवा मिशनची शिफारस लागते आणि शिक्षण संपल्यावर त्यांच्या दवाखान्यात ठरावीक काळ काम करावे लागते. म्हणजे पदवीला जबाबदारी पहिल्या दिवसापासून बांधलेली असते. माझ्या मते नीतिशिक्षणाच्या शंभर तासांपेक्षा ही अट मोलाची आहे.

आरोळे दांपत्याने नेवाशाजवळ वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले. बरे होऊन घरी गेलेले रोगी तेच आजार घेऊन परत येत. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन 1970 साली ते जामखेडला आले आणि गुरांच्या जुन्या दवाखान्यात काम सुरू झाले. तालुका दुष्काळी. 1971 साली तिथल्या गावांत जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी 176 वर्षाच्या आत दगावत होती.

गावात शिकलेल्या नर्सबाई ठेवून पाहिल्या. ते जमले नाही. मग गावातलीच बाई निवडायची ठरले. या बायांतल्या पुष्कळ जणी निरक्षर होत्या, अनेक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. बाळंतपण कसे करायचे, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा, हे त्या शिकल्या. शिकायला जामखेडला यायच्या तेव्हा जातपात बाजूला ठेवून एका पंगतीला जेवायच्या, एका खोलीत झोपायच्या. जिची सावली चालत नव्हती, तिच्याच हातून गावातल्या सवर्ण घरांत बाळंतपणे होऊ लागली. औषधाच्या पेटीने इतके केले नसते.

पाण्याची गोष्ट तर आजही सांगावी अशी आहे. हातपंपासाठी बोअर घ्यायची होती, तेव्हा जागा दलित वस्तीत पाहा, असा आरोळ्यांचा आग्रह होता. पाणी तिथे लागले की सगळ्या गावाने घागरी घेऊन तिथेच यायचे! विटाळावर व्याख्यान द्यावे लागले नाही.

1990च्या दशकापर्यंत बालमृत्यूचा आकडा पन्नासच्या खाली आला. त्याआधीच, 1979 साली, दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. 2005 साली देशभर आशा कार्यकर्ती नेमायची योजना आली, तिच्यामागे जे जुने प्रयोग होते त्यांत जामखेडही होते. मेबलताई 1999 साली गेल्या, रजनीकांत 2011 साली. जामखेडचे त्यांचे केंद्र अजून चालू आहे.

वेल्लोरने दोन चांगले डॉक्टर घडवले, पण मला महत्त्वाचे वाटते ते त्यापुढचे: त्या दोघांनी डॉक्टरकी आपल्याच मुठीत ठेवली नाही. ज्ञान वरच्यांच्या घरात साठते, हाच आपल्याकडचा जुना अन्याय. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला तेच ज्ञान कामाला लावता यावे, एवढे त्यांनी केले.

मुंबई-पुण्यात आज ख्रिस्ती महाविद्यालये पुष्कळ आहेत, काही शंभर वर्षांहून जुनी. घाटाखालचे हे वैशाखरे मुंबईहून काही तासांवर आहे. या महाविद्यालयांच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे: विद्यार्थ्यांची एक दिवसाची सहल इकडे धाडू नका. वेल्लोरसारखी अट घाला, पदवी घेणाऱ्यांना इथल्या वाड्यांवर दोन वर्षे राहायला पाठवा आणि परतताना वाडीतली कोण बाई काय शिकली, ते त्यांना विचारा.