जेसोर रोडवरचा ब्रेक

कोलकात्याच्या डमडममधून जाणाऱ्या जेसोर रोडवर, विशेषतः नागेरबाजारच्या परिसरात, मोटारसायकलस्वारावर एकाएकी थांबण्याची पाळी वारंवार येते. कारण हात दाखवणारा प्रवासी दिसला की पुढची बस थांबा येण्याची वाट न पाहता जागीच उभी राहते आणि तिला वळसा घालावा म्हटले तर टोटो, म्हणजे बंगालमधली विजेवरची रिक्षा, आडवी येते. अशा वेळी ब्रेक गाडी थांबवतो हे म्हणणे अर्धेच खरे आहे. ब्रेक चाकाची गती रोखतो. गाडी रोखते ती टायर आणि रस्ता यांच्यातील पकड, आणि तीही प्रत्येक टायरच्या तळहाताहून लहान अशा, रस्त्याला टेकलेल्या भागातून.

ही पकड दोन प्रकारे निर्माण होते. रबर खडीच्या बारीक उंचसखलपणात दबते व पुन्हा पूर्ववत होताना थोडी ऊर्जा गमावते, हा एक प्रकार. रबर आणि डांबर यांचे पृष्ठभाग रेणूंच्या पातळीवर एकमेकांना चिकटतात, हा दुसरा. पाण्याचा पातळ थर मध्ये आला की दुसरा प्रकार बव्हंशी निकामी होतो. कोरड्या रस्त्याचा घर्षणांक ०.८ आणि ओल्याचा ०.५ धरल्यास ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी अनुक्रमे सुमारे १२ व २० मीटरांत थांबते. स्वाराला धोका उमगून बोटे हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्याचे १४ मीटर वेगळे.

थांबण्याच्या क्रियेत निर्णायक असतो तो पहिला क्षण. पुढच्या ब्रेकची दांडी प्रथम हलकेच ओढली की वजन पुढे सरकते, फोर्क खाली बसतो, पुढचा टायर रस्त्यावर अधिक दाबला जातो आणि त्याची पकड वाढते. त्यानंतरच दाब वाढवत न्यायचा असतो. जोरदार ब्रेकिंगमध्ये गाडी व स्वार यांच्या एकूण वजनापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक भार पुढच्या चाकावर येतो. दांडी एकदम आवळली, तर भार पोहोचण्याआधीच चाक जाम होते. जाम झालेले पुढचे चाक दिशा देत नाही आणि गाडी आडवी होते. या भीतीने केवळ पायाच्या ब्रेकवर विसंबणारे स्वार पुष्कळ आढळतात, पण हलके झालेले मागचे चाक लवकर घसरते आणि थांबण्याचे अंतर बरेच वाढते. भीती रास्त आहे, उपाय चुकीचा आहे.

पावसाळ्याच्या पहिल्या सरीत साचलेले तेल व धूळ पाण्यात मिसळून रस्ता सर्वाधिक निसरडा होतो. झेब्राचे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे आणि शहरात उरलेले ट्रामचे रूळ यांवर ब्रेक दाबूच नये. वेग त्यांच्या अलीकडे कमी करावा आणि रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडावेत.

भारतात १२५ घन सेंटिमीटरहून मोठ्या दुचाकींना, नव्या मॉडेलसाठी एप्रिल २०१८ पासून आणि जुन्यांसाठी एप्रिल २०१९ पासून, एबीएस म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा सक्तीची झाली. त्याहून लहान गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस यंत्रणाही चालेल अशी मुभा त्या नियमात होती. एबीएस चाक फिरते ठेवते, रस्त्याची पकड वाढवत नाही; आणि सीबीएस चाक जाम होण्यापासून वाचवत नाही. म्हणून लहान गाडीच्या स्वाराने कोरड्या, मोकळ्या जागेत ताशी २०-३० किलोमीटर वेगाने पुढच्या ब्रेकचा सराव जरूर करावा.