हळदीचं दूध आणि हळदीची कॅप्सूल

गेल्या शुक्रवारी सुलैबियाच्या घाऊक भाजीबाजारात ओळखीचे एक काका भेटले. हृदयासाठी ते रोज ॲस्पिरिन घेतात. म्हणाले, "गुडघे दुखतात, म्हणून मुलाने हळदीच्या कॅप्सूल मागवल्यात. हळदच ती, डॉक्टरांना काय सांगायचं?" मी संगणकवाला, डॉक्टर नव्हे. पण हा प्रश्न तुमच्याही घरात असेल, म्हणून वाचून समजलं ते सांगतो.

आपल्या पेशींत सायक्लोऑक्सिजनेज नावाचं एन्झाइम असतं. ते प्रोस्टाग्लँडिन बनवतं आणि त्यातून दुखणं, सूज, ताप येतो. विलो हे आपल्या वाळुंजाच्या कुळातलं झाड. त्याच्या सालीतल्या औषधी द्रव्यापासून सॅलिसिलिक आम्ल मिळालं, पण ते पोटाला झोंबायचं. १८९७ मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी त्याला ॲसिटिल गट जोडला. तेच ॲस्पिरिन. हा गट एन्झाइमला चिकटतो आणि ते कायमचं बंद पडतं. प्लेटलेट पेशी नवं एन्झाइम बनवू शकत नाहीत, त्यामुळे एका गोळीचा रक्त पातळ राखणारा परिणाम काही दिवस टिकतो. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन रोखतं हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता हळद. तिच्यात कर्क्युमिन जेमतेम तीन टक्के. प्रयोगशाळेत ते सुजेशी संबंधित एन्झाइमांना आवर घालतं, पण पोटातून रक्तात फारच थोडं उतरतं. म्हणून बऱ्याच कॅप्सूलमध्ये काढीव कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं पिपरीन घालतात. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या अभ्यासात त्याने कर्क्युमिनचं शोषण सुमारे वीस पट वाढलं. पण पिपरीन इतर औषधांचा निचराही मंदावू शकतं. कर्क्युमिनमुळे रक्त गोठणं मंदावण्याची शक्यता असते, आणि अशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत.

जखमेवरच्या हळदीचं अमेरिकी पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने १९९७ मध्ये रद्द करवलं, कारण ते ज्ञान आपल्या घरोघरी होतंच. पण आजीचा लेप आणि चिमूटभर हळद वेगळी, एकवटलेली कॅप्सूल वेगळी.

तेव्हा आमटीत, दुधात हळद खुशाल घाला. कॅप्सूल सुरू करण्याआधी मात्र तिची बाटली डॉक्टरांना दाखवा, आणि चालू गोळ्या परस्पर बंद करू नका. काकांनाही हेच सांगितलं. गावाकडे आईबाबांना फोन कराल तेव्हा त्यांनाही विचारा, काय काय घेता? भेटू पुढच्या शुक्रवारी.